उजव्या खिशातले पाव्हणे

एका संध्याकाळी मी अकरा शिकारी पक्षी खाल्ले. भाजलेले, वरून हळद-मीठ लावलेले. वन खात्याची माणसं एवढ्यावरून माझ्या दारी येऊ नयेत म्हणून हकिकत नीट सांगतो. पण ती सांगायची तर आधी नाना सांगावे लागतील, आणि नाना सांगायचे तर आधी त्यांचा कोट.

कोट तपकिरी, लोकरी, नानांच्या लग्नातला. अंगभर झिजलेला, पण दोन्ही खिसे मात्र नवे. मूळचे फाटले तेव्हा अक्कांनी, म्हणजे नानांच्या बायकोनं, गादीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचे खोल खिसे आतून शिवून दिले होते. जळगावशेजारच्या असोद्यात दिवाळीनंतर जरा गारठा पडला की नाना हा कोट चढवत, आणि मग होळीपर्यंत तो फक्त झोपताना उतरे. गावातली पोरं म्हणत, थंडी आली की नाही ते हवेवरून नाही, नानांच्या कोटावरून कळतं.

नानांची केळी होती, कापूस होता, असोद्यात असतं ते सगळं होतं. शिवाय गावाबाहेर चार एकर बरड होतं. मुरमाड, उंचसखल, त्याला लागून गावचं गायरान. पावसाळ्यात तिथे कमरेइतकं गवत वाढायचं. आजूबाजूचे सगळे दिवाळी झाली की गवत कापून मोकळे होत. नाना कापत नसत. होळीपर्यंत गवत तसंच उभं, वाळून सोनेरी झालेलं. कोणी विचारलं तर म्हणत, "पाव्हने हायेत. ते गेले का कापू."

पाव्हणे म्हणजे हॅरिअर. पुस्तकात याला भोवत्या म्हणतात. घारीपेक्षा सडपातळ, लांब पंखांचा शिकारी पक्षी. दूर उत्तरेच्या थंड माळांवरून हिवाळ्यात इकडे येतो, दिवसभर शेतांवरून हातभर उंचीनं उडत उंदीर-टोळ टिपतो आणि रात्री झाडावर नाही, गवतात जमिनीवर झोपतो. एकटा नाही, सगळे एकाच गवतात. आणि जळगावच्या पूर्वेला ते गवत होतं नानांचं.

हे मला कळलं ते माझ्या पोशाखामुळे. मी जळगावात पाइपांच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. चाळिशीनंतर पुरुषाला काहीतरी व्हावं लागतं. कोणाला मधुमेह होतो, मला फोटोग्राफी झाली. मोठी लेन्स घेतली, आणि इंटरनेटवर पाहून पानापानांच्या नक्षीचं, लष्करात घालतात तसलं हिरवंगार जाकीट घेतलं. पक्ष्यांना आपण दिसू नये म्हणून. त्या पोशाखात मी जानेवारीत नानांच्या बरडाकडे दबकत निघालो. गवत वाळून पिवळंजर्द. त्यात मी.

बांधावर एक म्हातारा बसला होता. तो मला दिसला नाही, इतका तो दगडासारखा बसला होता. आवाज तेवढा आला.

"भाऊ, हे काय नेसलं? पाखराले वाटीन, केयीचं झाड चालत येऊन राह्यलं."

मी चपापलो. म्हटलं, "आबा, पक्ष्यांना कळू नये म्हणून..."

"त्याले अर्ध्या कोसावरून उंदीर दिसतो, तू नही दिसशीन? बस इथी. आनि मले नाना म्हन, आबा माहा भाऊ होता."

मी बसलो. पायमोज्यांत कुसळं घुसली होती ती उपटू लागलो. नाना म्हणाले, "राहू दे. टोचीन तवा टोचीन. हललास का ते येत नही."

त्या दिवशी मी जे पाहिलं ते सांगण्याचा प्रयत्न बऱ्याचदा केला आहे आणि दर वेळी माझं तोंड कोरडं पडलं आहे. सूर्य जळगावच्या अंगाला टेकला होता. कुठल्या तरी मळ्यातली मोटर घुमत होती. तेवढ्यात वीज गेली, मोटर थांबली आणि अशी शांतता झाली की मला माझ्या घड्याळाचा आवाज आला. मग कपाशीच्या उभ्या पऱ्हाटीवरून पहिला आला. राखाडी-पांढरा, पंखांची टोकं शाईत बुडवल्यासारखी काळी. पंख न हलवता, ते किंचित वर उचलून धरून, जणू कोणी त्याला वरून दोऱ्यानं अलगद धरलं आहे. "हा नर," नाना ओठ न हलवता म्हणाले. "इस्तरीचा सदरा. बाई मातकट राहते, कमरेले पांढरा रुमाल खोसलेला."

मग केळीच्या बागांवरून दोन आल्या. गायरानाकडून एक. मग दिशाच उरल्या नाहीत. कुठूनही येत होते. दहा, वीस, तीस, एकमेकांच्या वरून खालून, कोणी कोणाला न धडकता, आणि एवढ्या सगळ्यांत एक साधी किलबिल नाही. देवळात गर्दी असून कोणी बोलू नये तसं. घिरट्या घालता घालता एखादा हवेतच थांबे, आणि हातातून रुमाल सुटावा तसा गवतात पडे. गवत हले, पुन्हा सरळ होई. तिथे कोणी आहे असं वाटूही नये. माझ्या गळ्यात मोठी लेन्स होती. तिच्यावरचं झाकण मी काढलंच नव्हतं, हे मला घरी गेल्यावर कळलं.

नानांच्या डाव्या हाताची मात्र सारखी हालचाल चालू होती. डाव्या खिशातून काहीतरी काढायचं, उजव्या खिशात टाकायचं. एक पक्षी उतरला की एक. नजर गवतावरच.

"लिव्हाले खाली पाह्यलं का एक गेला," त्यांनी नंतर सांगितलं. "आनि मनात मोजलं तर मन लबाड राहतं. त्याले जास्ती आवडतं."

खिशात सरकी होती, कपाशीचं बी. घरी गेल्यावर नाना उजवा खिसा परातीत उलटा करत, अक्का तांदूळ निवडावेत तशी सरकी मोजत आणि आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरच्या त्या तारखेच्या चौकोनात लिहीत. कॅलेंडरवर दुधाचं टिपण वेगळ्या कोपऱ्यात असे. किती वर्षांची कॅलेंडरं होती कोण जाणे. खिळ्यावर एकावर एक अडकवून भिंतीला कुबड आलं होतं. हे सगळं कोणी शिकवलं असं मी एकदा विचारलं.

"कोनी नही," नाना म्हणाले. "बसलो होतो."

आता माझ्या जेवणाकडे येतो. गवत मोठं, दोन टोकांना दोन माणसं बसली तर मोजणी बरोबर होते, म्हणून नानांनी मला पलीकडच्या बांधावर नेमलं. त्या दिवशी घरात सरकी संपलेली. अक्कांनी दोन पुड्यांत फुटाणे दिले. डावीकडून उजवीकडे, इतकं सोपं काम. मी रोज स्टोअरमध्ये हजारो पाइप मोजतो, तेव्हा माझी मान ताठ होती. पाव्हणे येऊ लागले. मी टाकू लागलो. आणि मग तीन नर एकमेकांभोवती पिंगा घालत माझ्या डोक्यावरून असे गेले की माझा आ वासला तो मिटेचना. वासलेल्या तोंडाला फुटाणा जवळचा, खिसा लांबचा. मला खरंच कळलं नाही.

घरी अक्कांनी मोजले. माझ्या खिशात सात.

"सातच?" नाना म्हणाले. "त्या अंगाले कमीत कमी अठरा उतरले. म्या माह्या बांधावरून पाह्यलं."

मी ओशाळून ओठ पुसले. बोटाला हळद लागली.

नाना माझ्याकडे बघत राहिले. मग अक्कांना म्हणाले, "लिही वं, अठरा. अकरा याच्या पोटात उतरले." आणि जे हसले, ते खोकला लागेपर्यंत हसले. तेव्हापासून त्या घरात माझं नाव फुटाणे भाऊ. मला पुन्हा फुटाणे मिळाले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून सरकी.

हसण्यावारी नेलं तरी नानांचा हिशेब पक्का होता, हे मला एका सकाळी कळलं. संध्याकाळी डावीकडून उजवीकडे ही अर्धीच मोजणी. उरलेली अर्धी पहाटे. पाव्हणे उठून उडू लागले की एकेक सरकी उजवीकडून परत डावीकडे. "जितले निजले तितले बठ्ठे उठले पाह्यजेत," नाना म्हणत. बठ्ठे म्हणजे सगळेच्या सगळे. "घरी पाव्हना निजला तर सकायी पाह्यतो का नही आपन?" त्या सकाळी सगळे उठून गेले, ऊन वर आलं, आणि नानांच्या उजव्या खिशात एक सरकी उरली.

मी म्हटलं, "मोजताना एक जास्त पडली असेल, नाना."

"नही. एक निजेल हाये."

अर्धा तास बसलो. एक तास. मला कारखान्यात जायचं होतं, मी चुळबुळत होतो. शेवटी नाना उठले आणि गुरांच्या पायवाटेनं, पाऊल मोजून टाकत, गवतात शिरले. मला मागे यायची खूण केली. वीसेक पावलांवर थांबले. बोट दाखवलं. मला नुसतं गवत दिसलं. मग त्या गवताला डोळे फुटले. पिवळे, गोल, काजळ घातलेले. जमिनीवर बसलेलं घुबड, गवताच्याच रंगाचं, आमच्याकडे टक लावून. तेही थंडीपुरतं दूरदेशीहून आलेलं, आणि संध्याकाळच्या अंधुक उजेडात पाव्हण्यांबरोबर आमच्या मोजणीत घुसलेलं. आम्ही श्वास रोखून, पाठ न फिरवता, तसेच मागे मागे आलो. बांधावर आल्यावर नानांनी ती सरकी डाव्या खिशात टाकली.

"हा रात्रपाळीवाला," ते म्हणाले. "दिवसा झोपू दे त्याले."

एका बीएवढी चूकसुद्धा त्या माणसानं एक तास धरून ठेवली होती आणि तिच्या पोटातून घुबड निघालं होतं. पाइपांच्या मोजणीत दोन-चार इकडे तिकडे झाले की मी 'घट' लिहून मोकळा होतो. त्या दिवशी कारखान्यात मी ते लिहिलं नाही. पुन्हा मोजलं.

इथवर माझे गुन्हे पोटापुरते होते. पुढचा तसा नाही.

त्याच जानेवारीच्या शेवटी मला एक फोटो मिळाला. मावळतीच्या तांबड्या उजेडात नर, पाठीमागे नुसतं गवत. आयुष्यात मी काढलेला एकमेव बरा फोटो. नाना नेहमी म्हणत, "पाहाले ये, काढाले नको." पण फोटो निघाल्यावर तो कोणाला दाखवला नाही तर तो निघाला कशाला? मी आमच्या पक्षीवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. अंगठे आले, टाळ्या आल्या. कोणीतरी विचारलं, कुठे? आणि मी, फुटाणे भाऊ, छाती फुगवून नकाशावरची खूणच पाठवून दिली.

रविवारी चौदा गाड्या आल्या. मी त्या दिवशी एका लग्नात जिलेबी खात होतो. गाड्या बरडाच्या कडेला लागल्या, आणि पाव्हणे गवतात उतरल्यावर, उडतानाचा फोटो हवा म्हणून, काही जण रांग धरून गवतात शिरले. एकदम सगळे पाव्हणे उठले. अंधार पडत आलेला. कुठे जाणार? नाना बांधावरून ओरडले म्हणे. त्यांना ओरडताना गावानं कधी ऐकलं नव्हतं.

सोमवारी मी गेलो तेव्हा नाना नेहमीच्या जागी बसले होते. मी शेजारी बसलो. सूर्य गेला. मोटर बंद झाली. कोणी आलं नाही. मंगळवारी नाही. पुढे होळीपर्यंत कधी एक, कधी दोन, कधी तेही नाही. नाना मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांचा हात डाव्या खिशात असायचा, आणि तिथेच राहायचा.

घरी मात्र बोलणं झालं, आणि ते मी ऐकलं. नानांचा मुलगा प्रकाश भला माणूस. बरडात मुरूम आहे, पण शेजारी तशाच जमिनीत माती टाकून ठिबकवर केळी उभी होती. त्याचं म्हणणं साधं होतं.

"नाना, पाखरं होती तवर म्या कधी काही म्हटलं का? आता पाखरंबी नही. मंग गवत कोनासाठी?"

नानांनी भिंतीवरच्या कॅलेंडरांकडे पाहिलं. मग म्हणाले, "पुढच्या हिवाळ्यात पाह्य. संक्रांतीपावतर उजवा खिसा रिकामा राह्यला, तर लाव केयी. म्या सबद देला."

मी दारात चपला घालत होतो. एक चप्पल बराच वेळ पायात शिरेना.

भाद्रपदात नानांना लकवा झाला. उजवं अंग गेलं. जीव राहिला, वाचा अर्धी राहिली. डॉक्टरांनी उजव्या हातात दाबायला एक रबरी चेंडू दिला होता. तो पांघरुणावर नुसता पडलेला असे. अक्का उचलून हातात ठेवायच्या, हात तो सोडून द्यायचा.

दिवाळी झाली. मी गेलो. नानांनी डाव्या हातानं खुंटीकडे बोट केलं. खुंटीवर कोट होता. मला वाटलं, अंगावर घालून हवाय. अक्का म्हणाल्या, "तुले घालाले सांगून राह्यले ते."

मी तो कोट घातला. बाह्या आखूड, पोटावर बटण लागेना. डाव्या खिशात अक्कांनी मूठभर सरकी ओतली. मी कारखान्यातून लवकर सुटायचो, रोज संध्याकाळी बांधावर बसायचो, आणि रोज रिकामा उजवा खिसा घेऊन परत यायचो. नाना खिशात डावा हात घालत, बोटांनी कोपरे चाचपत, आणि हात काढून घेत. कार्तिक गेला. मार्गशीर्षही संपत आला. एक दिवस बरडाच्या बांधाला ठिबकच्या नळ्यांची काळी भेंडोळी येऊन पडली. प्रकाशनं घाई केली नव्हती, दुसऱ्या शेतातून उरलेल्या होत्या. पण त्या मला दिसल्या.

त्या संध्याकाळी मी पाच सरक्या उजव्या खिशात टाकल्या. आकाशात कावळासुद्धा नव्हता.

नानांनी हात घातला. बोटं थांबली. डोळे माझ्याकडे वळले. त्या डोळ्यांत जे आलं ते पाहून मला वाटलं, खोटं असलं म्हणून काय झालं.

"कोनी... कडून?" नानांनी विचारलं.

"पश्चिमेकडून, नाना. पहिला नर. थेट आला आणि खाली बसला."

"वारं?"

"वारं... पश्चिमेचंच."

 मी बोललो ते मलाच ऐकू आलं. पाठीवर वारा घेऊन कोणतंही पाखरू थेट जमिनीवर उतरत नाही. वळतं, वाऱ्याला तोंड देतं, मग उतरतं. हे मला त्यांनीच बांधावर दाखवलं होतं. त्यांनी पाचही सरक्या एकेक करून बाहेर काढल्या, माझ्या तळहातावर ठेवल्या आणि माझी मूठ मिटवली.

"खा," ते म्हणाले.

मला वाटलं ओरडतील, तोंड फिरवतील. पण ओठांचा एक कोपरा, चालत होता तो, थोडा वर गेला. मी एक सरकी तोंडात टाकली. सांगून ठेवतो, सरकी माणसानं खायची वस्तू नव्हे. दाताखाली तेल सुटतं आणि कापसाचे धागे जिभेला चिकटतात. नाना घशातून खुदखुदत होते, अक्का पदर तोंडाला लावून बसल्या होत्या, आणि मी चावत होतो. डोळ्यांत पाणी आलं ते सरकीमुळे.

त्यानंतर आठेक दिवसांनी, संक्रांत जवळ आलेली असताना, मी नेहमीसारखा बसलो होतो. कॅमेरा आता आणतच नव्हतो. मोटर थांबली. गारठ्यानं कान दुखत होते. सूर्य गेला, आणि मी उठायला गुडघ्यावर हात टेकला, तोच पऱ्हाटीवरून तो आला. इस्तरीचा सदरा. पूर्वेकडून, माझ्या डोक्यावरून, इतक्या खालून की पंखांतून हवा कापली जाते तो आवाज मी ऐकला. रेशीम फाडल्यासारखा. गवतावर दोन घिरट्या, वाऱ्याकडे तोंड, क्षणभर थांबला, आणि सुटला. मी सरकी शोधू लागलो. डावा खिसा सापडेना. मागून मादी, तिच्यामागे आणखी तीन. मी खाली पाहिलं नाही. एकदाही पाहिलं नाही. अंधार होऊन गवत आणि आभाळ एक होईपर्यंत मी दगड होऊन बसलो होतो, आणि उजवा खिसा भरत होता.

घरी जाऊन मी कोट काढला आणि नानांच्या खांद्यांवर घातला. त्यांनी डावा हात अंगावरून वळवून उजव्या खिशात घातला. बराच वेळ बोटं आत फिरत होती. बाहेर काढून मोजायची त्यांना गरज पडली नाही.

"एकोणीस," ते म्हणाले.

पुढे काही विचारलं नाही. वारंही नाही. प्रकाश दारात उभा होता. तो वळला, आणि अंधारात त्याच्या ट्रॅक्टरचा आवाज बरडाच्या दिशेनं गेला. नळ्यांची भेंडोळी दुसऱ्या दिवशी बांधावर नव्हती.

मी निघताना नाना एवढंच म्हणाले, "सकायी?"

"येतो नाना. उठताना मोजतो."

त्यानंतरही नानांच्या भेटी झाल्या. त्यांतल्या शेवटच्या दवाखान्यातल्या. त्या मी धरत नाही. माझ्यापुरते नाना शेवटचे दिसले ते त्या सकाळी. बरडावरून एकोणीसच्या एकोणीस उठलेले मी पाहिले, बोटांवर मोजले आणि सांगायला धावत आलो. फाटकाशीच थांबलो. नाना अंगणात, कोवळ्या उन्हात, बाजेवर बसले होते. तोंड बरडाकडे, अंगात कोट. रबरी चेंडू बाजेखाली घरंगळलेला. आणि तो हात, चेंडू न धरणारा उजवा हात, उजव्या खिशात होता. तो हळूहळू बाहेर आला. दोन बोटांच्या चिमटीत काहीतरी होतं. ते चिमटीतून निसटलं, कोटावर पडलं. बोटं खाली उतरली, शोधत राहिली, सापडलं, पुन्हा धरलं. डाव्या खिशापर्यंतचा तो वीतभर रस्ता त्या हातानं असा कापला की मी फाटकाची कडी धरून उभा राहिलो. मग पुन्हा उजवा खिसा. पुन्हा एक.

किती वेळ गेला सांगता येत नाही. शेवटी तो हात खिशात गेला, चाचपत राहिला आणि गादीच्या कापडाचा खिसाच धरून बाहेर आला. उलटा, पट्ट्यापट्ट्यांचा, पार रिकामा. नानांनी तो तसाच उन्हात लोंबू दिला आणि वर पाहिलं.

"उठले," ते म्हणाले. "बठ्ठे."